मार्गदर्शकासोबत जंगलात: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी मत सांगते, कारण नवीन माणसाला तेच हवं असतं: वनस्नानाच्या, म्हणजे मार्गदर्शकासोबत जंगलात सावकाश, लक्ष देत वेळ घालवण्याच्या सत्रांमध्ये जंगलाइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, फरक मार्गदर्शकामुळे पडतो. झाडी, पायवाट, ओढा हे सगळं मला आधीही होतं आणि मी नेमाने चालायला जायचे. पण पाय जंगलात आणि डोकं ऑफिसात, असंच असायचं. व्यायाम व्हायचा, मन तिथल्या तिथेच.

सत्र दोन-अडीच तासांचं असतं आणि तेवढ्या वेळात जेमतेम एक किलोमीटर अंतर कापलं जातं. फोन बंद करून पिशवीत टाकायचा. सुरुवातीला डोळे मिटून नुसतं उभं राहायचं. आवाज कुठून येतो, वास कसला येतो, पायाखाली काय आहे याकडे लक्ष द्यायचं. मग मार्गदर्शक ताई एकेक सोपं काम देतात. “आता पंधरा मिनिटं फक्त जे हलतंय तेच बघा,” एवढंच. त्यानंतर गोल करून बसायचं आणि ज्याला वाटेल त्याने बोलायचं. शेवटी प्रत्येकाने आपापली जागा धरून वीसेक मिनिटं एकट्याने बसायचं.

‘हलतंय ते बघा’ हे ऐकायला किती साधं वाटतं! एकदा मी एका खोडासमोर बसले होते. सालीच्या भेगेतून मुंग्यांची रांग चालली होती आणि त्यातली एक मुंगी कुठल्याशा किड्याचा पंख ओढत होती. पंख भेगेत आडवा अडकला. तिने तो सोडला, वळसा घालून पलीकडे गेली, दुसऱ्या टोकाला धरून ओढला आणि सोडवला. ताईंनी हाक मारली तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून मनात घोळत असलेलं भांडण एवढा वेळ आठवलंच नव्हतं. मी ते दाबलं नव्हतं. त्याला जागाच उरली नव्हती.

यामागचं कारण रेचल आणि स्टीफन कॅपलन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेलं आहे. कामात आपण लक्ष जबरदस्तीने एका जागी धरून ठेवतो आणि ती ताकद थकते. पानं, पाणी, ढग लक्ष अलगद खेचून घेतात, तेव्हा तिला विसावा मिळतो. २००८ साली मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात वृक्षउद्यानात फिरून आलेल्या लोकांना आकडे उलट क्रमाने म्हणणं शहरातल्या रस्त्यावरून फिरून आल्यानंतरच्या मानाने चांगलं जमलं. थंडीत कुडकुडत, फारशी मजा न येता फिरलेल्यांनाही हा फायदा झाला. मला हे फार पटतं. रिमझिम पावसात, चिडचिडत केलेल्या सत्रानंतरही दुसऱ्या दिवशी काम सुरळीत झालेलं आहे.

२०१५ मध्ये ग्रेगरी ब्रॅटमन यांच्या अभ्यासात निसर्गात ९० मिनिटं चाललेल्यांचं तेच तेच नकारात्मक विचार उगाळणं कमी झालं, वर्दळीच्या रस्त्याकडेने चाललेल्यांचं नाही. ते लोक एकटेच चालले होते, हे खरं. पण ज्याचे विचार चालतानाही पाठ सोडत नाहीत, त्याला सुरुवातीला कुणीतरी थांबवणारं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

बदल लगेच झाला नाही. पहिले काही आठवडे कंटाळाच आला. नंतर आधी झोप सुधारली, मग संध्याकाळचा त्रागा कमी झाला. कामाचा डोंगर आहे तेवढाच आहे, मानदुखीही आहे.

रोगप्रतिकारशक्तीबद्दल जे दावे केले जातात, त्यांच्याकडे मात्र जरा जपून बघा. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’, म्हणजेच वनस्नान, ही कल्पना पुढे आणली. पुढे छिंग ली यांच्या अभ्यासांत जंगलात दोन रात्री राहून आलेल्यांच्या रक्तातल्या ‘नॅचरल किलर’ पेशींची (रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) क्रियाशीलता वाढलेली आढळली. पण ते गट लहान होते आणि मुक्काम तीन दिवसांचा. दोन तासांच्या सत्राला तो निष्कर्ष चिकटवू नये. आणि नैराश्यावर उपचार चालू असतील तर ते चालूच ठेवा. हे त्यांच्या जोडीला.

गटाचा उपयोग मला अनपेक्षित होता. नुकतंच जवळचं माणूस गेलेले एक काका महिनोन्‌महिने गोलात गप्प बसायचे. एकदा एवढंच म्हणाले, “इथं मला कुणी समजावत नाही, म्हणून येतो.” ताईंनी मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे पाहिलं. त्यांच्या या संयमाबद्दल मला अपार आदर आहे.

मध्यंतरी एक बदली मार्गदर्शक आले होते. प्रत्येक झाडाचं नाव, उपयोग, पक्ष्यांची माहिती, सगळं अखंड चालू. ज्ञान भरपूर, पण ती निसर्गसहल झाली. गटही इतका मोठा की शांतता अशी मिळालीच नाही. त्यामुळे नाव नोंदवण्याआधी दोन गोष्टी जरूर विचारा: गटात किती जण असतात, आणि न बोलता किती वेळ मिळतो.

आता मी सत्राला महिन्यातून एकदा जाते, मधल्या दिवसांत एकटीच एका ठरावीक झाडाखाली बसते. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या पाहणीत आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपलं आरोग्य आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. वेळ एकदम घालवला की तुकड्यातुकड्यांत, याने फरक पडला नाही. मला तुकडेच जमतात.