मीटबॉल आधी परतावेत, ओव्हनमध्ये भाजावेत की कच्चेच सॉसमध्ये सोडावेत?

क्रीम आणि हर्ब्जच्या सॉसमधले मीटबॉल करायचे म्हटलं की खिमा कुठला घ्यायचा यावर बराच खल होतो. पण पदार्थाची चव ठरते ती गोळे शिजवता कसे यावर.

माझा कौल पॅनला. गोळ्यांना बाहेरून तपकिरी रंग येतो, आणि तळाशी जे चिकटून राहतं तेच खरं घबाड. त्यात थोडा स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) ओतून लाकडी उलथन्याने खरवडलं की सॉसचा पाया तयार. नुसती क्रीम चवीला सपक, तिला हा खरपूसपणा हवाच. अडचण एकच: एका वेळी १०-१२ गोळेच टाकता येतात. गर्दी केली की पाणी सुटतं आणि ते परतायच्याऐवजी उकडतात. शिवाय सतत वळवत बसा, तरी एखादा चपटा होतोच.

४० गोळे करायचे असतील तर मात्र मी ओव्हनच लावेन. २०० अंश सेल्सिअसला १५-२० मिनिटं, आकारही गोल राहतो. सॉसला मात्र ती तळाची चव मिळत नाही. मग कांदा किंवा मश्रूम चांगला लालसर परतून ती भरपाई करावी लागते.

कच्चे सोडलेले गोळे सगळ्यांत लुसलुशीत. चिकनच्या खिम्याला हे शोभतं. बीफ-पोर्कची चरबी सुटून सॉसवर तरंगते, म्हणून तिथे नको. चिकनचे गोळेही आधी मंद आचेवर स्टॉकमध्ये शिजवावेत, क्रीम नंतर. पद्धत कोणतीही असो, गोळा आतून ७१ अंशांपर्यंत शिजायला हवा, चिकनचा ७४. आणि दुधात भिजवलेला पाव खिम्यात घालायचा आळस करू नका, नाहीतर गोळे दडस होतात.

क्रीमचंही बघा. ३५ टक्के फॅटची क्रीम उकळी सहन करते. सावर क्रीम (आंबवलेली क्रीम) फाटते, ती गॅस बंद केल्यावरच मिसळावी. लिंबू पिळायचं तर तेही शेवटी.

थाइम, रोझमेरी सुरुवातीलाच घातली तरी टिकते. पार्सली आणि डिल मात्र ताटात वाढायच्या मिनिटभर आधी. आधीच घातली तर रंगही जातो आणि वासही.