‘सुवासिक डायंथस’च्या बियांमध्ये झालेली फसवणूक

डायंथसचं (कार्नेशन ज्यात येतं त्या फुलझाडांच्या गटाचं) बी ऑनलाइन मागवायचा विचार असेल तर आधी हे वाचा. मी घेतलेल्या पाकिटावर ‘लवंगेसारखा सुगंध, बहुवर्षायू, मिश्र रंग’ असं ठळक छापलं होतं. दावा अशक्य नव्हता. लवंगेला जो वास येतो तो युजेनॉल नावाच्या सुगंधी द्रव्यामुळे, आणि डायंथसच्या काही जातींच्या फुलांतही ते असतं.

बी छान उगवलं. रोपं तजेलदार झाली आणि त्याच हंगामात भराभर कळ्या धरल्या. फुलंही देखणी आली, पण वासाचा पत्ताच नाही. पाकळ्यांना नाक लावून बघितलं, सकाळी बघितलं, संध्याकाळी बघितलं. काही नाही. ती सगळी रोपं डायंथस चायनेन्सिस, म्हणजे चायना पिंक निघाली. वाफ्यात शोभेसाठी ही जात उत्तम आहे, पण तिला वास जवळजवळ नसतोच, आणि ती सहसा हंगामी म्हणूनच लावतात. वासासाठी लावायचं ते डायंथस प्लुमेरियस. त्याची पानं निळसर करडी, मेणाचा हात फिरवल्यासारखी दिसतात आणि बियांपासून वाढवलेलं रोप सहसा दुसऱ्या वर्षी फुलतं. माझ्या रोपांची पानं साधी हिरवी होती.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी उत्तर आलं, ‘तुमची माती बरोबर नसेल.’ मग, ‘सुगंध हवामानावर अवलंबून असतो.’ या दुसऱ्या उत्तराचा मला फार संताप आला, कारण ते अर्धं खरं आहे. ऊन, गारवा, दिवसाची वेळ यांप्रमाणे फुलांचा वास कमीजास्त होतो. पण जो वास त्या जातीत मुळातच नाही, तो कुठलं हवामान आणून देणार? नवीन माणूस असं उत्तर ऐकून स्वतःलाच दोष देत बसतो. शेवटी त्यांनी परतीची मुदत संपल्याचं कळवून विषय मिटवला. सगळा डाव या मुदतीवरच उभा आहे! फूल यायला महिने लागतात, मुदत मात्र थोड्या दिवसांची.

नुसतं बी बघून हे ओळखता येत नाही. डायंथसचं बी काळं, चपटं, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं असतं आणि या दोन जातींच्या बियांत आपल्या नजरेला फरक कळत नाही. म्हणून पैसे देण्याआधीच जातीचं शास्त्रीय नाव लेखी मागा. ‘मिश्र’, ‘विदेशी’, ‘खास वाण’ एवढंच उत्तर आलं तर घेऊ नका. जाहिरातीत गडद निळी फुलं दिसली तर तिथून सरळ निघा. डायंथसमध्ये खरा निळा रंग नाही. १९९० च्या दशकात जनुकबदल करून ‘निळी’ कार्नेशन तयार केली गेली, तीसुद्धा जांभळट छटेची. ‘मिसेस सिंकिन्स’सारख्या जुन्या सुवासिक वाणाचं बी कोणी देऊ करत असेल तर तेही नको. तसले वाण छाटकलमांनी वाढवतात, बियांतून ते जसेच्या तसे उतरत नाहीत.

पाकीट आधीच घरी आलं असेल तर सगळं बी पेरून टाकू नका. थोडं पाकिटातच ठेवा, वेष्टन आणि विक्रेत्याच्या जाहिरातीचा फोटो जपून ठेवा. माझ्या तक्रारीनंतर विक्रेत्याने ऑनलाइन जाहिरातीतलं वर्णन बदलून टाकलं होतं.