तेरा ते सतरा वयासाठी अभिनयाचे वर्ग: काय पाहून फी भरावी

पुण्या-मुंबईत किशोरवयीन मुलांसाठी अभिनयाचे वर्ग ढिगाने आहेत आणि बऱ्याच माहितीपत्रकांवर एनएसडी (दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय) किंवा एफटीआयआय (पुण्याची चित्रपट प्रशिक्षण संस्था) यांचं नाव ठळक छापलेलं असतं. ते आधी बाजूला ठेवा. एनएसडीच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, शिवाय नाटकांत काम केल्याचा अनुभवही. एफटीआयआयच्या अभिनय अभ्यासक्रमालाही पदवी हवीच. बारावीनंतर नाटकातच पदवी करायची तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. तेव्हा आठवीतल्या मुलाची ‘एनएसडीची तयारी’ करून घेतो म्हणणारा वर्ग काय विकतोय ते समजून घ्या. शिक्षक ‘एनएसडीचे’ असतील तर पूर्ण अभ्यासक्रम केला आहे की महिनाभराची कार्यशाळा, हे सरळ विचारावं. खरं शिकलेला माणूस रागावत नाही, वर्ष सांगतो.

या वयाला सगळ्यांत जास्त देणारा प्रकार म्हणजे आठवड्यातून एक-दोन दिवस चालणारा आणि शेवटी पूर्ण नाटक उभं करणारा नाट्यवर्ग. पण तुकडी किती मुलांची, हे फीच्याही आधी विचारा. दोन तासांच्या वर्गात चाळीस मुलं असली आणि सुरुवातीची वीस मिनिटं व्यायामात गेली, तर एकेकाच्या वाट्याला अडीच मिनिटं येतात. पंधरा मुलं असतील तर साडेसहाहून थोडी जास्त. फरक इथेच पडतो.

डेमो वर्गावरून काही ठरवू नका, तो बसवलेला असतो. चालू तुकडीचा मधलाच एखादा वर्ग बघू द्या म्हणावं. श्वास, उच्चार, हालचाल, मग उत्स्फूर्त प्रसंग आणि त्यानंतर संहिता, असा काहीतरी क्रम दिसायला हवा. शिक्षक स्वतः वाक्य म्हणून दाखवतात आणि मुलं तसंच्या तसं म्हणतात, असं चाललेलं दिसलं तर तिथे नकला शिकवतात. असं शिकलेलं मूल ऑडिशनला वेगळी सूचना मिळाली की अडतं, कारण वाक्य का म्हणायचं हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. त्यांचा जुना प्रयोगही पाहा. रेकॉर्ड केलेल्या संवादांवर मुलं नुसते ओठ हलवत असतील तर ते शाळेचं स्नेहसंमेलन झालं. आणि लहान मुलाची भूमिका म्हणजे बोबडं बोलणं असं शिकवत असतील, तर मुलाला ग्रिप्सचं, म्हणजे मूळ जर्मनीतल्या मुलांच्या नाट्यचळवळीतलं, एखादं नाटक दाखवा. मोठी माणसं लहानांची कामं बोबडं न बोलता कशी करतात, ते तिथे दिसतं.

दोन गोष्टी या वयाच्याच आहेत. तेरा-पंधरा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असतो. ‘शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे’ म्हणून ओरडायला लावलं तर घसा बसतो. श्वासावर काम न करता आवाज मागणारा शिक्षक नको. बसलेला घसा दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. दुसरं म्हणजे ‘आयुष्यातलं सगळ्यांत मोठं दुःख आठव’ म्हणून मुलांना रडवणारे सराव. आधी भावनांच्या आठवणींवर भर देणारे रशियन नाट्यशिक्षक स्तानिस्लावस्कीसुद्धा पुढे शारीरिक कृतींकडे वळले होते. पालकांना दार बंद, मुलींच्या तुकडीला एकही बाई नाही आणि वर असले सराव, असं असेल तर दुसरा वर्ग शोधा.

उन्हाळी शिबिराकडून फार अपेक्षा नको. भीड चेपते, मित्र मिळतात, आवड आहे की नाही ते कळतं. तेवढ्यासाठी ते छान. ‘फिल्म अॅक्टिंग’ची अॅकॅडमी मात्र नीट तपासा. कॅमेऱ्यासमोरचा सराव उपयोगी असतो, पण फीमध्ये पोर्टफोलिओ बळजबरीने जोडलेला असेल किंवा ‘मालिकेत काम नक्की’ असं सांगत असतील तर तिथूनच परत या. ऑडिशनसाठी कुणालाही पैसे द्यायचे नसतात. सुरुवातीला दिवसाच्या उजेडात मोबाईलवर काढलेले, मेकअप नसलेले समोरून, बाजूने आणि पूर्ण उंचीचे फोटो आणि नाव, वय, उंची, भाषा सांगणारा छोटा व्हिडिओ पुरतो. तो वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर किंवा जाहिरातीत टाकायला आधीच लेखी नकार द्या.

चौदा वर्षांखालच्या मुलाला चित्रीकरणाचं काम मिळालंच, तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि मानधनाचा किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत जातो. ‘मुलांना काम मिळवून देतो’ म्हणणाऱ्या वर्गाला हे नियम ठाऊक आहेत का, ते विचारून पाहा.

फी हप्त्यांत भरा. जीएसटी धरून किती, मध्येच सोडलं तर किती परत, हे पावतीवर लिहून घ्या. दहावीचं वर्ष असेल तर दिवाळीआधी प्रयोग होणारी तुकडीच निवडा, कारण जानेवारीतल्या तालमी पूर्वपरीक्षेवर येतात.