जुना हॉर्न रिस्टोअर करायला देताय? आधी तो उघडा आणि आतले फोटो काढा
ज्यांच्या जुन्या गाडीवर अजून मूळ हॉर्न आहे त्यांनी हे वाचाच. खोटा हॉर्न विकत घेऊन फसलेले बरेच जण भेटतात, मी तर माझाच खरा हॉर्न दुरुस्तीला दिला आणि परत आला तो फक्त त्याचा पत्रा, आणि हा प्रकार फार बोलला जात नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी फोर्ड मॉडेल ए, 1930 ची. हॉर्न स्पार्टनचा, म्हणजे अमेरिकेत मिशिगनमधल्या जॅक्सन गावची स्पार्क्स-विदिंग्टन कंपनी. फोर्डने या मॉडेलला एकाच कंपनीचे हॉर्न लावले नाहीत, स्पार्टन होता, एम्स होता, आणखीही होते, आणि बाहेरून सारखे दिसले तरी आतलं सामान वेगवेगळं. तत्त्व मात्र क्लॅक्सन या जुन्या विजेच्या हॉर्नचंच, जे मिलर रीस हचिसनने 1908 च्या सुमारास आणलं. आत छोटी मोटर, तिच्या टोकाला दातेरी चाक, समोर पोलादी पडदा आणि पडद्याच्या मधोमध एक बटण. चाकाचे दात त्या बटणावर घासत आपटत जातात, पडदा थरथरतो, मोटर वेग घेईल तसा आवाज चढत जातो आणि स्विच सोडला की खाली उतरतो. तो चढ-उतार एकदा कानात बसला ना की दुसरं काही चालत नाही.

माझ्या हॉर्नचा आवाज अडखळत होता. कम्युटेटर (मोटरच्या फिरत्या भागावरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) काळा पडला होता, त्याला करंट पोचवणारे कार्बन झिजले होते, बाकी सगळं ठणठणीत. रिस्टोरेशनचं काम करणाऱ्या एकाकडे दिला, त्याने सांगितलं सगळं ओरिजिनल ठेवून करतो. परत आला तेव्हा रंग आरशासारखा, हॉर्नवरची कंपनीची प्लेट तीच, पण वाजवला तर आवाज चढतच नाही, एकाच सुरात किरकिर. विचारलं तर म्हणाला नवीन पडदा आहे, रुळेल हळूहळू.

पडदा असा रुळत नसतो. मागच्या ॲडजस्टिंग स्क्रूने चाक आणि बटण यांच्यातला दाब लावायचा असतो, तो बरोबर लागला की आवाज लगेच येतो. स्क्रू फिरवून पाहिला, काही फरक नाही, मग कव्हर काढलं, टेबलावर 6 व्होल्टच्या बॅटरीला जोडलं आणि वायर उलटसुलट करून बघितल्या, तर मोटर उलटी फिरायला लागली. तिथेच कळलं. जुन्या मोटरमध्ये कायमचं लोहचुंबक नसतं, त्याच्या जागी तारेचं वेटोळं म्हणजे फिल्ड कॉइल असते आणि ती आर्मेचरशी, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाशी, सिरीजमध्ये असते, दोन्हीतून एकच करंट जातो, त्यामुळे वायर उलट्या केल्या तरी दोन्हीकडचा करंट एकदमच उलटतो आणि मोटर त्याच दिशेला फिरते. उलटी फिरली म्हणजे आत चुंबकवाली नवी मोटर. चाक नवं, पडदा नवा. माझी फक्त कव्हरं आणि प्लेट.

जाब विचारल्यावर उत्तर आलं की जुनं सगळं जळालं होतं, भंगारात टाकलं. जळालेली मोटर अडखळत का होईना वाजते कशी? यावर गप्प. पैसे परत द्यायला तयार झाला, पण मला पैसे नको होते, सामान हवं होतं, ते आजतागायत मिळालेलं नाही. खऱ्या मोटरला, चाकाला वेगळी किंमत येते आणि गिऱ्हाईक बाहेरची चकाकी बघून खुश होतं, हा सगळा धंदा त्यावर चालतो, आणि याची मला खरंच चीड येते कारण हे पार्ट्स आता पुन्हा बनणार नाहीत.

म्हणून हॉर्न द्यायच्या आधी उघडा, आर्मेचर, कार्बनचे होल्डर, चाकाचे दात, सगळ्याचे जवळून फोटो काढा, कुठेतरी आतल्या बाजूला बारीक खूण करा. वाजताना किती ॲम्पिअर घेतो ते मोजून ठेवा, परत आल्यावर पुन्हा मोजा. काढलेला प्रत्येक पार्ट परत पाहिजे, जळालेला असला तरी, हे लिहून घ्या. आणि खरं सांगू का, पुष्कळदा कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने साफ करणं, फटीतली कार्बनची भुकटी काढणं, नवे कार्बन टाकणं आणि एक थेंब तेल एवढ्यावर काम भागतं, ते घरीही होतं.

विकत घेणार असाल तर प्लेटवर जाऊ नका, प्लेटा नव्या मिळतात. स्क्रू बघा. फिलिप्सचे चौकडीचे स्क्रू गाड्यांवर पहिल्यांदा आले 1936 च्या कॅडिलॅकवर, त्यामुळे 1920 च्या दशकातल्या हॉर्नला ते दिसले की कोणीतरी आत हात घातलेला आहे हे नक्की. मुलामा बघा, निकेल किंचित पिवळसर ऊबदार दिसतं, क्रोम निळसर, आणि क्रोम गाड्यांवर 1920 च्या दशकाच्या शेवटी आलं, त्यामुळे 1915 चा म्हणून दाखवलेला क्रोमचा भोंगा निदान पुन्हा मुलामा दिलेला तरी असणारच. आणि फोनवर पाठवलेल्या व्हिडिओतल्या आवाजावर तर अजिबात विश्वास ठेवू नका, समोर बॅटरी लावून वाजवून घ्या, वायर उलट्या करून पण.

माझ्या जुन्या चाकाच्या एका दाताचा कोपरा उडालेला होता. स्पार्टनची सुटी मोटर कोणाला विकायला दिसली आणि तिच्या चाकाला असा दात असेल, तर प्लीज मला कळवा.