आयएनआर मशीन आणि नागपूरचा व्हिडिओ कॉल : आठ महिन्यांनंतर

यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला आमचं छोटं रुग्णालय. सीटी स्कॅन आहे, न्यूरोलॉजिस्ट नाही. नागपूर गाडीने चार तास. लकवा मारल्यापासून साडेचार तासांत मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यावं लागतं, म्हणजे वेळ रस्त्यातच सरते. म्हणून ऑक्टोबरपासून बोटातल्या रक्ताच्या थेंबावर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो तो आकडा, दाखवणारं छोटं मशीन घेतलं आणि नागपूरच्या न्यूरोलॉजिस्ट मॅडमशी व्हिडिओ कॉल सुरू केला.

मशीनची किंमत कळली ती कापूस वेचणीत. पन्नाशीची बाई, हृदयाची झडप बदललेली, अ‍ॅसिट्रॉम या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर. उजवा हात लुळा, तोंडातून शब्द फुटेना. "गोयी कवा घेतली होती?" नवरा गप्प. सुनेनं तिच्या पदराची गाठ सोडून रिकामी स्ट्रिप काढली. "आठ दिस झाले सरली जी." मिनिटभरात आयएनआर आला १.३. लॅबच्या रिपोर्टला पाऊण तास लागला असता. इंजेक्शनसाठी मर्यादा १.७ ची, त्यावर रक्तस्रावाचा धोका; सीटीत रक्तस्राव नाही, बीपी १८५/११० च्या खाली. वजन ४८ किलो, टेनेक्टेप्लेज (गुठळी विरघळवायचं इंजेक्शन) १२ मिलिग्रॅम. मॅडमनी डोस आमच्याकडून दोनदा वदवून घेतला, मगच "द्या" म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी तिनं उजव्या हातानं पदर खोचला. वॉर्डातल्या सिस्टर रडल्या.

पण रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांपुढे हे मशीन आंधळं आहे. डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन अंगात असूनही आयएनआर नॉर्मल येऊ शकतो. एका आजोबांचा आकडा १.१ आला, आम्ही इंजेक्शन काढलंही होतं. मॅडम म्हणाल्या, "थांबा, औषधाची पिशवी कॅमेऱ्यासमोर रिकामी करा." त्यात डॅबिगॅट्रान निघालं, सकाळीच घेतलेलं. ४८ तासांच्या आतला डोस, त्यामुळे इंजेक्शन रद्द. त्याचा उतारा, इडारुसिझुमॅब, आमच्याकडे नव्हता. मेंदूची मोठी नस बंद असल्याचा संशय होता, नळीनं गुठळी काढायला त्यांना तडक नागपूरला पाठवलं. तेव्हापासून पेशंट स्ट्रेचरवर असतानाच घरी फोन जातो : डबा, पिशवी, चिठ्ठी, जे असेल त्याचा फोटो पाठवा, शेवटची गोळी किती वाजता ते सांगा.

अ‍ॅस्पिरिन चालू असलं की आम्ही आधी बिचकायचो. नुसत्या त्या गोळीमुळे इंजेक्शन अडत नाही, हे मॅडमनी पक्कं करून दिलं.

त्रास दोन. सीटीचे फोटो नेटवर रखडतात, स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला फोटो चकाकतो; दुसरं सिम ठेवल्यावर थोडं निभावलं. आणि मे महिन्यात मशीननं तापमानाची खूण दाखवून मान टाकली. त्याला साधारण ३२ अंशांपर्यंतच चालतं, आमच्या कॅज्युअल्टीत कूलर लावूनही तेवढं उतरत नाही. आता मशीन आणि तपासणीच्या स्ट्रिपा एसी असलेल्या सीटीच्या खोलीत असतात, बोट तिथेच टोचतो.