निसर्गोपचारतज्ज्ञ : ऑरेगॉनचा परवाना आणि मिनेसोटाची नोंदणी

अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात निसर्गोपचारतज्ज्ञांना १९२७ पासून परवाना दिला जातो. त्यांच्यासाठी स्वतंत्र मंडळ आहे आणि परवानाधारकाला चिठ्ठीवर मिळणारी बहुतेक औषधे लिहून देता येतात, किरकोळ शस्त्रक्रियाही करता येतात. मिनेसोटाने २००८ च्या कायद्याने केवळ नोंदणी स्वीकारली, तीही वैद्यक मंडळाकडे. मान्यताप्राप्त पदवी आणि परीक्षा दोन्हीकडे आवश्यक असूनही मिनेसोटातील नोंदणीकृत तज्ज्ञाला अशी औषधे देण्याचा अधिकार नाही. शिवाय तेथे नोंदणीविना निसर्गोपचार करण्यास बंदी नाही. कायदा मुख्यतः राखून ठेवतो ते ‘निसर्गोपचार डॉक्टर’ हे पदनाम, आणि हा फरक सामान्य रुग्णाच्या सहसा लक्षात येत नाही. म्हणूनच अधिकार व्यापक असूनही मला ऑरेगॉनची पद्धत रुग्णासाठी अधिक स्पष्ट वाटते.