कार्य उरकल्यावरचा डबा : विश्रामबागची घरगुती खानावळ, सांगली

दुःखाच्या घरी पहिले काही दिवस चूल पेटत नाही, पण उपाशीही कुणी राहत नाही. भाऊबंद, शेजारीपाजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात, समोर बसून दोन घास खायला लावतात. कार्य उरकून पै-पाहुणे पांगले की खाण्याचे हाल सुरू होतात. विश्रामबागेतली ही खानावळ सुतकातही डबा देते आणि पुढे महिन्याच्या बोलीवरही देते. आमच्या मते घ्यावा तो पुढचा महिनाच.

दुपारी साडेबाराला ३ भाकरी किंवा ४ चपात्या, एक भाजी, वाटीभर घट्ट वरण, भात आणि ताक. रात्री आठला मुगाची खिचडी नाहीतर पिठलं-भात. तिखट बेताचं. दोन वेळचे माणशी १८० रुपये, अर्ध्या डब्याचे ११०. चव साधी आहे, भाजी कधीकधी पाणचट. तरी डबा चांगला म्हणायचं कारण वेळ. दुःखात झोप मोडते आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं. त्यात ‘घास उतरत नाही’ म्हणून दिवसभर पोटात काही नसतं. मग रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडतो तो रिकामा होईपर्यंत. म्हणून भुकेची वाट न बघता घड्याळ बघून जेवायचं. अर्धी भाकरी आणि अर्धी वाटी वरण गेलं तरी चालेल. सुरुवातीला अर्धाच डबा सांगा. भरलेलं ताट समोर आलं की अशा वेळी माणूस ते सरळ बाजूला सारतो.

दुसरी जमेची बाजू म्हणजे प्रत्येकाचा डबा वेगळा. पातेल्यातून उभ्याउभ्या खाणाऱ्याला आपण किती खाल्लं याचा पत्ता लागत नाही. डब्यात ते दिसतं.

आता खोट. साडेबारा ते आठ, मध्ये साडेसात तास काहीच नाही. गेलेलं माणूस कामावरून किंवा देवळातून घरी यायचं तीही नेमकी हीच दिवेलागणीची वेळ. पाचच्या सुमाराला मूठभर फुटाणे आणि एक केळं, किंवा ताक आणि राजगिऱ्याचा लाडू, एवढं स्वतः ठरवून ठेवावं लागतं. त्यानंतरही हात फरसाणाच्या डब्याकडे गेला तर एकच विचारा : आत्ता सकाळची भाकरी आणि चटणी चालेल का? पोटाची भूक हळूहळू चढते आणि तिला काहीही चालतं. मनाची भूक एकदम येते, तिला भडंगच हवं असतं आणि पोट भरलं तरी हात थांबत नाही. उत्तर ‘नको’ आलं तर दहा मिनिटं थांबा, बहिणीला फोन लावा. तरीही हवंच असेल तर वाटीत काढून, बसून खा. घरच्यांनी खाऊचे डबे लपवू नयेत. मग माणूस चोरून खातो.

आणि ही खानावळ महिन्याच्या बोलीवर काय फुकट देते? अर्धा किलो भडंग आणि बेदाण्याची पुडी! सांगलीची रीत म्हणून ठीक, पण बेदाण्यात निम्म्याहून जास्त साखरच असते. भडंग भेटायला येणाऱ्यांपुढे ठेवा.

त्या येणाऱ्यांबरोबरचा चहाही मोजायला हवा. कपाला दोन चमचे म्हणजे साधारण ८ ते १० ग्रॅम साखर. दहा कप झाले की ८० ते १०० ग्रॅम, ३०० ते ४०० कॅलरी, आणि वर ‘मी तर काहीच खाल्लं नाही’. तिसऱ्या कपापासून नुसतं पाणी घेतलं तरी पाहुणे रागावत नाहीत.

गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ सांगितला तर करून देतात. सगळे एकत्र बसणार असाल त्या दिवशीच सांगा. एकट्याने रात्री तो खाणं जड जातं.

मधुमेह असल्याचं सांगितलं की फक्त गोड काढतात, भात तेवढाच राहतो. तो निम्मा करायला स्वतः सांगा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने जेवण चुकवलं तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. घास जात नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना डोस विचारा.

खाऊन मुद्दाम उलटी काढणं, दिवसेंदिवस अन्नाला न शिवणं, ‘आता जगून काय करू’ असं बोलणं, हे डब्याने सुटणारं नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

रविवारी रात्री खानावळ बंद. त्या रात्रीसाठी शनिवारीच वाटीभर तांदूळ-मुगडाळ निवडून कुकरजवळ ठेवा आणि कुणाला तरी जेवायला बोलावून ठेवा.